महालक्ष्मी पाण्यात अडकली तेव्हा



आजच्या बोलण्यात एक रेल्वेगाडी आहे आणि तीन-चार नद्या आहेत. तुम्ही म्हणाल, गडहिंग्लजला कुठं आली रेल्वे? खरं आहे. आपल्याकडं हिरण्यकेशी आहे, बाजार आहे, एसटीचं स्टँड आहे, पण रेल्वेचं स्टेशन नाही. रेल्वे धरायची तर कोल्हापूरला जायचं, नाहीतर बेळगावला किंवा घटप्रभेला. पण म्हणून रेल्वेशी आपला संबंध नाही असं कुणी म्हणू नये. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या भागातली माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईला पोटापाण्यासाठी गेली. आधी गिरण्यांत गेली, मग गोदीत, हॉटेलांत, ऑफिसांत. आजही गल्लीतल्या प्रत्येक दोन-चार घरांत कुणाचा तरी मुलगा, दीर, नाहीतर जावई तिकडं असतोच. लेकीच्या बाळंतपणाला, दवाखान्याला, गणपतीला, यल्लम्माच्या यात्रेला येणं-जाणं चालूच असतं. त्या येण्या-जाण्यात एका गाडीचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, ते म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेस. आपल्या अंबाबाईचं नाव घेऊन रात्री मुंबईहून निघायची आणि सकाळी चहाच्या वेळेला कोल्हापुरात पोचायची.

हीच गाडी २७ जुलै २०१९ च्या पहाटे उल्हास नदीच्या पुरात अडकली. बातमी सगळ्यांनी पाहिली, पुष्कळांच्या लक्षातही असेल. पण बातमी दोन दिवसांची असते. आम्हाला त्या रात्रीची गोष्ट थोडी मागून सुरू करून सांगायची आहे. रूळ नदीकाठी आले कसे, पाणी रुळावर आलं की होतं काय, आणि गाडी कुठं थांबली यावर माणसाचं किती अवलंबून असतं, ते बघू.

आधी रूळ कसे आले ते.

मुंबई ते ठाणे ही आपल्या देशातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला धावली, हे शाळेत आपण सगळ्याच शिकलो. पुढच्याच वर्षी, १८५४ ला, ती कल्याणपर्यंत गेली. तिथून एक फाटा नाशिककडं जाणार होता आणि दुसरा पुण्याकडं. पुण्याकडच्या वाटेत सह्याद्री आडवा. रेल्वेला बैलगाडीसारखा चढ चढता येत नाही, तिला सपाट, हळूहळू वर जाणारी जागा लागते. डोंगराच्या मुलखात अशी जागा कुठं मिळते? नदीच्या खोऱ्यात. नदीनं हजारो वर्षं खपून तयार केलेली सपाटी इंजिनिअरांना आयती मिळाली. उल्हास नदी खंडाळ्या-लोणावळ्याच्या बाजूच्या डोंगरातून उतरते, कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत कल्याणकडं येते. रेल्वे त्याच वाटेनं उलटी वर गेली. कल्याण, बदलापूर, वांगणी, नेरळ, कर्जत. म्हणजे नदी उतरते त्याच अंगणातून गाडी चढते.

कर्जतच्या पुढं बोरघाट. तो बांधून व्हायला १८६३ साल उजाडलं. तोवर पुण्याकडून रेल्वे खंडाळ्यापर्यंत आली होती, मुंबईकडून घाटाच्या पायथ्याला होती, आणि मधला डोंगर लोक पालखीत, तट्टावर नाहीतर पायी पार करायचे. या घाटाच्या कामात एक बाई होती, हे फार जणींना माहीत नसतं. काम घेतलेला इंग्रज ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ ला इथं आला आणि काही आठवड्यांतच आजारानं वारला. त्याची विधवा अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनं ठेका सोडला नाही. जाणकार इंजिनिअर हाताशी धरले आणि काम शेवटाला नेलं. चाळीस हजारांवर मजूर या घाटात राबत होते. कॉलऱ्यानं, तापानं, सुरुंगानं त्यांतले किती गेले त्यांची नावं कुठं कोरलेली नाहीत. टोपल्या वाहणाऱ्या बायाही त्यांत होत्या. आपण खिडकीशी बसून बोगदे मोजतो, तेव्हा हे एकदा आठवावं.

आता आपल्या बाजूचं. कोल्हापूर संस्थानानं मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आणायचं ठरवलं आणि १८८८ ला कामाचा मुहूर्त झाला. तेव्हा शाहू महाराज लहान होते, गादीचा कारभार अजून हाती आला नव्हता. त्यांच्याच हातून मुहूर्ताची कुदळ पडली. १८९१ ला कोल्हापुरात गाडी आली. पुढं १८९५ ला महाराजांनी स्टेशनाजवळ शाहूपुरीची पेठ वसवली, तिथं गुळाचा बाजार उभा राहिला, आणि आपल्या मुलखाचा गूळ रेल्वेनं दूरदूर जाऊ लागला. आज त्या स्टेशनला छत्रपती शाहू महाराज टर्मिनस म्हणतात. आधी ही लाईन अरुंद, मीटरगेज होती. १९७१ च्या सुमारास ती रुंद झाली आणि मुंबईची गाडी पुण्याला न बदलता थेट कोल्हापुरात येऊ लागली. बोचकी आणि पोरं सांभाळत पुण्याला गाडी बदलण्याचा वनवास जुन्या बायकांनी काढलाय, त्यांना विचारा थेट गाडीची किंमत.

मिरज ते कोल्हापूर हे अंतर ५० किलोमीटरच्याही आत. पण तेवढ्यात दोन मोठ्या नद्या ओलांडाव्या लागतात. मिरजेच्या पुढं अंकली-उदगावजवळ कृष्णा, आणि कोल्हापूरच्या अलीकडं रुकडीजवळ पंचगंगा. म्हणजे मुंबईकडच्या टोकाला उल्हास आणि आपल्याकडच्या टोकाला पंचगंगा, अशी ही गाडी एका नदीच्या काठानं निघते आणि दुसरीवरून पूल ओलांडून घरी पोचते. २०१९ च्या पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या आत दोन्ही टोकांना पाणी चढलं.

पाणी चढलं म्हणजे रुळाचं नेमकं काय होतं, हे थोडं समजून घेऊ.

खोऱ्यातून जाणारे रूळ जमिनीवर टेकलेले नसतात. मातीचा भराव घालतात, त्यावर खडी, खडीवर स्लीपर, त्यावर रूळ. पाणी इकडून तिकडं जावं म्हणून भरावाला जागोजागी मोऱ्या ठेवतात. शेताला बांध घातला आणि पाणी काढायला वाट ठेवली, तसंच ते. पाऊस बेताचा असेल तर मोऱ्या पुरतात. पाऊस एकदम कोसळला की मोऱ्या तुंबतात, भरावाच्या एका अंगाला पाणी साचत जातं आणि शेवटी रुळावरून वाहू लागतं. मग धोका दोन बाजूंनी येतो. एक तर पाणी काही इंच चढलं तरी इंजिनाच्या खालच्या मोटारींत शिरू शकतं. दुसरा धोका त्याहून वाईट, कारण तो दिसत नाही. वाहतं पाणी रुळाखालची खडी आणि माती ओढून नेतं. वरून रूळ सरळ दिसतो, खाली आधारच नसतो. चिखलात पाय कुठं टेकेल हे जसं कळत नाही, तसं ड्रायव्हरला पाण्याखाली रूळ कसा आहे हे कळत नाही. अशा वेळी पुढं जाणं धोक्याचं आणि मागं जाणंही धोक्याचं.

२६ जुलैच्या रात्री महालक्ष्मी नेहमीप्रमाणं आठ-सव्वाआठला मुंबईहून सुटली. तारीख बघा, २६ जुलै. चौदा वर्षांपूर्वी, २००५ ला, याच तारखेला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि उल्हासच्या पुरानं बदलापूरचा भागही बुडवला होता. २०१९ च्या त्या रात्री पुन्हा कल्याण-कर्जत पट्ट्यात पाऊस धो धो लागला. गाडी रखडत रखडत बदलापूरच्या पुढं गेली आणि मध्यरात्रीनंतर वांगणीच्या अलीकडं थांबली. दोन्ही बाजूंना पाणी, रूळ पाण्याखाली. मागचं बदलापूर स्टेशन दूर राहिलेलं, पुढचं वांगणी अजून यायचं होतं.

गाडीत सुमारे १०५० माणसं होती. त्यांत नऊ गरोदर बाया होत्या. म्हातारी माणसं होती, अंगावर पिणारी बाळं होती. बहुतेक सगळी आपल्याकडची, सांगली, मिरज, कोल्हापूर आणि पलीकडच्या तालुक्यांतली. उजाडलं तेव्हा खिडकीतून बघावं तर शेतं नाहीत, झाडांचे नुसते शेंडे, आणि चहूकडं तांबडं पाणी.

रेल्वेनं लोकांना एकच सांगितलं, खाली उतरू नका, गाडीतच सुरक्षित आहात. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटेल. पाणी चढतंय आणि बसून राहा म्हणतात? पण ते बरोबर होतं. डब्याची जमीन रुळापासून साधारण चार फूट उंच असते. रिकामा डबासुद्धा पस्तीस-चाळीस टनांचा असतो, तो सहजी वाहून जात नाही. माणूस मात्र गुडघाभर वाहत्या पाण्यात पाय घसरून जातो. साडी नेसलेली बाई तर लवकर जाते, कारण ओला कपडा पायात गुंततो आणि ओढ घेतो. हिरण्यकेशीच्या काठी धुणं धुणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

पण सुरक्षित असणं आणि सुखात असणं यांत अंतर असतं. रात्रीचा डबा संपलेला, पाण्याच्या बाटल्या संपलेल्या, संडासात पाणी नाही. पोलिसांनी आणि रेल्वेच्या जवानांनी बिस्किटं, पाणी पोचवायला सुरुवात केली. त्याही आधी आसपासच्या गावांतली माणसं पाण्यातून वाट काढत आली होती. चामटोली आणि आजूबाजूच्या वस्त्यांतल्या लोकांना पाण्याखालचा बांध कुठं आहे, ओढा कुठं खोल आहे, हे पाठ होतं. त्यांनी दोर आणले, खायला आणलं, माणसांना हात दिला. गावच्या माणसाकडचं हे शिक्षण कुठल्या नकाशात सापडत नाही.

मग राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या म्हणजे एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदलाचे पाणबुडे आले, सैन्याची माणसं आली, हेलिकॉप्टरं आली. गरोदर बाया, मुलं, वयस्कर माणसं आधी, असं करत एकेक बोट भरून लोकांना उंच जागी नेलं. ३७ डॉक्टर मदतीला पोचले, त्यांत बायकांचे डॉक्टर मुद्दाम बोलावले होते. दुपारी तीनच्या सुमारास शेवटची माणसं बाहेर आली. हजारावर माणसं, आणि एकही जीव गेला नाही. नऊच्या नऊ गरोदर बाया सुखरूप निघाल्या. लोकांना बदलापुरात नेऊन खाऊपिऊ घातलं, आणि कल्याणहून कोल्हापूरसाठी १९ डब्यांची खास गाडी सोडली. घाटाची वाट पाण्यानं अडलेली, म्हणून ती मनमाड-दौंडच्या लांबच्या वळशानं गेली.

हे सगळं ऐकलं की छाती भरून येते, आणि यायलाच हवी. पण मैत्रिणींनो, कौतुक करून झाल्यावर एक प्रश्न उरतो. ही गाडी दोन स्टेशनांच्या मधे अडकलीच कशी? पाणी रुळाकडं येतंय ही खबर वेळेत पुढं गेली असती आणि गाडी कल्याणला, अंबरनाथला, निदान बदलापूरला फलाटाला लागून उभी राहिली असती, तर काय झालं असतं? लोकांची रात्र खराब गेली असती. कुरकुर झाली असती, चहावाल्याची चंगळ झाली असती. हेलिकॉप्टर लागलं नसतं. फलाट उंच असतो, त्याला छप्पर असतं, नळ असतो, संडास असतो, बाहेर गाव असतं, रिक्षा असते, दवाखाना असतो. स्टेशनात थांबलेली गाडी ही गैरसोय असते. दोन स्टेशनांच्या मधे थांबलेली गाडी हे संकट असतं. आजच्या सगळ्या बोलण्यात एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ झालं.

हे नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही. याच्या पुढच्या घटना बघा.

वांगणीची गोष्ट ताजी असतानाच ऑगस्टचा पहिला आठवडा लागला आणि पूर आपल्या दारात आला. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. त्या वर्षी पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तिथं धोक्याची खूण ४५ फुटांना आहे. शिरोलीजवळ पुणे-बेंगळूरु हायवेवर पाणी आलं, निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी आलं, आणि हायवे कितीतरी दिवस बंद राहिला. आपल्याकडं हिरण्यकेशीनं पात्र सोडलं, नदीवेशीच्या बाजूला पाणी चढलं, भडगावचा पूल पाण्याखाली गेला आणि चंदगडची वाट तुटली. जिल्ह्यात दुधाचं संकलन थांबलं. दोन म्हशींच्या दुधावर ज्या बाईचं घर चालतं तिला विचारा, दूध डेअरीत जात नाही तेव्हा त्याचं काय करायचं. किती खरवस करायचा आणि किती ओतून द्यायचं?

त्या दिवसांत रुकडीच्या पुलाजवळ पंचगंगा धोक्याच्या खुणेला भिडली आणि मिरज-कोल्हापूर रेल्वे बंद ठेवली. २०२१ च्या जुलैत पंचगंगा ५६ फुटांवर गेली तेव्हाही तेच झालं. कोल्हापूरचं स्टेशन मुंबईपासून तुटलं. लोकांचे हाल झाले, पेशंट अडकले, परीक्षा देणारी पोरं अडकली. पण पुलावर किंवा भरावावर पाण्याच्या मधोमध गाडी उभी राहिली नाही. गाड्या अलीकडच्या स्टेशनात थांबल्या किंवा निघाल्याच नाहीत.

हे जमतं कसं? त्यामागं एक साधी जुनी पद्धत आहे. रेल्वेच्या मोठ्या पुलाच्या खांबावर रंगानं खूण केलेली असते. पाणी त्या खुणेला टेकलं की पूल बंद. पावसाळ्यात अशा पुलांवर रात्रंदिवस पहारेकरी असतो. त्याच्याकडं कंदील किंवा बॅटरी असते, लाल झेंडा असतो, रुळावर लावायचे फटाके असतात. गाडीचं चाक त्यावरून गेलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. भर पावसात, इरलं किंवा रेनकोट घालून, दोन पुलांमधला रूळ चालत तपासणारी माणसंही असतात. इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधीपासून हे चालू आहे. हजार माणसांचा जीव त्या खांबावरच्या रंगाच्या पट्ट्यावर आणि तिकडं डोळे लावून बसलेल्या एका माणसावर असतो.

तिसरी गोष्ट चिपळूणची. २२ जुलै २०२१. वाशिष्ठी नदीनं चिपळूण बुडवलं. लोकांनी माळ्यावर, छपरावर रात्र काढली, दुकानं गेली, माणसं गेली. त्या शहराचं दुःख फार मोठं आहे, ते या दोन वाक्यांत मावणारं नाही. आम्ही इथं फक्त रेल्वेचं सांगतो. चिपळूण आणि कामथे या स्टेशनांच्या मधे वाशिष्ठीवर कोकण रेल्वेचा पूल आहे. पाणी धोक्याच्या खुणेवर गेलं तशी वाहतूक थांबवली. वेगवेगळ्या ठिकाणी नऊ गाड्या स्टेशनांत उभ्या करून ठेवल्या. त्यांत मिळून सुमारे सहा हजार माणसं होती. वांगणीच्या जवळजवळ सहापट! पण ती फलाटाला लागलेली होती, त्यांना चहा, पाणी, जेवण देता आलं. बोटी आणि हेलिकॉप्टरं बुडालेल्या शहराच्या कामाला मोकळी राहिली. सहा हजार अडकले आणि त्याची फारशी आठवण कुणाला नाही. हजार अडकले ते देशभर गाजलं. फरक एवढाच की गाडी कुठं थांबली.

वेळेत थांबलं नाही आणि मग घाईत सुटका करायची वेळ आली की काय होतं, हेही त्याच २०१९ नं आपल्याला दाखवलं. ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. तिच्यात पेलवतील त्यापेक्षा जास्त माणसं बसली होती. बाया गेल्या, लेकरं गेली. मदतीला आलेली बोटच काळ झाली. दोष कुणाला द्यायचा हा प्रश्न इथं बाजूला ठेवू. पण शिकायचं ते शिकू. पाणी गळ्याशी आल्यावर निघायचं ठरवलं की गर्दी होते, गर्दीत बोट भरते, आणि बोटीत आपल्याला आधी बसवलं म्हणून आपण वाचलो असं होत नाही. पाणी इशाऱ्याच्या खुणेला असतानाच निघालेली माणसं आपल्या पायांनी, आपल्या पिशव्या घेऊन, म्हशी सोडून घेऊन निघतात.

आणि लवकर निघायचं म्हटलं की घरात आडवं कोण येतं? आपणच, बायका. धान्याची कणगी, पोरांची पुस्तकं, गॅसची टाकी, देव्हारा, कोंबड्या. पै पै करून जोडलेलं असतं, ते सोडवत नाही. त्यात चूक काय? कुणाचाच जीव त्यातून निघत नाही. म्हणून तर जूनमध्येच ठरवून ठेवायचं. कागदपत्रं एका प्लास्टिकच्या पिशवीत, दागिना कुठं, जनावरं कुणाकडं, म्हातारीला कोण उचलणार. ठरलेलं असलं की पाय लवकर निघतो.

आता प्रवासाचं. पावसाळ्यात लांबच्या गाडीत बसताना आपली तयारी अशी असावी. पुरणारं पाणी आणि एक जादा बाटली. भाकरी-चटणी, दशम्या, शेंगदाण्याचा लाडू, जे दुसऱ्या दिवशीही टिकेल ते. गरोदर बाई असेल तर तिची फाईल आणि गोळ्या हाताशी, सीटखालच्या बॅगेत तळाला नको. बीपीच्या, साखरेच्या गोळ्या दोन दिवसांच्या जादा. बाळ असेल तर दुपटी आणि कोरडे कपडे प्लास्टिकमध्ये गुंडाळून. पाळीचे पॅड सोबत, तारीख नसली तरी. बॅटरी, शिट्टी, आणि मोबाईल चार्ज करायची पॉवर बँक. सलवार किंवा पायात न गुंतणारा कपडा एखादा असू द्या, नऊवारीवाल्या आजींना कासोटा आहेच. रेल्वेच्या मदतीचा नंबर १३९, तो पाठ करा. आणि गाडी पाण्यात थांबली, उतरू नका असं सांगितलं, तर उतरायचं नाही. शेजारच्या चार जणी उतरल्या म्हणून आपणही उतरलो असं करायचं नाही. निघण्याआधी मात्र फोन करून, नाहीतर मोबाईलवर बघून, गाडी पुढं जाणार आहे का याची चौकशी करायची. पाऊस जोरात असेल आणि काम थांबण्यासारखं असेल, तर एक दिवस थांबलेलं काय वाईट? पाव्हण्यांना राग आला तर येऊ दे.

शेवटी आपल्या हिरण्यकेशीकडं येऊ. आंबोलीच्या बाजूला ती उगम पावते, आजऱ्यावरून गडहिंग्लजला येते, पुढं संकेश्वरवरून जाते आणि घटप्रभेला मिळते. आणि घटप्रभेवरून मिरज-बेळगाव रेल्वे जाते. म्हणजे आपल्या दारावरून गेलेलं पाणी खाली जाऊन रेल्वेच्या पुलाखालून वाहतं. आपल्याकडं पाणी चढलं की काही तासांनी ते कुणाच्या तरी पुलाला टेकणार असतं. वरच्या गावानं खालच्या गावाला कळवलं पाहिजे ही जुनी रीत आहे, तिचा अर्थ हाच.

आपल्या भागातून रेल्वे जावी अशी मागणी पुष्कळ वर्षं होते आहे. आमचीही इच्छा तीच. मिरचीचं पोतं, गुळाचं रवं, शेंगा रेल्वेनं जाव्यात, कॉलेजच्या पोरींना स्वस्तात, सुरक्षित जाता यावं, कुणाला नको आहे? पण ती जेव्हा येईल आणि जमिनी मोजायला माणसं येतील, तेव्हा ग्रामसभेत आपण बायकांनी गप्प बसायचं नाही. भाव किती मिळणार हे विचारणारे पुष्कळ असतील. आपण विचारायचं, भराव कुठून जाणार? २०१९ ला आणि २०२१ ला पाणी जिथवर आलं होतं ती खूण तुम्ही बघितली का? मोऱ्या किती, केवढ्या? भरावानं पाणी अडलं तर ते कुणाच्या शेतात, कुणाच्या घरात शिरणार? हे सगळं आपल्याला माहीत असतं. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, गोठ्यात किती वेळ राहिलं, कुठल्या बाजूनं आधी शिरलं, हे घरातल्या बाईइतकं कुणाला सांगता येईल? चामटोलीच्या माणसांना पाण्याखालचा बांध माहीत होता म्हणून माणसं वाचायला मदत झाली. ते शहाणपण संकट आल्यावर नव्हे, रूळ टाकायच्या आधी कामाला यावं, एवढंच आमचं म्हणणं.

तोवर एक काम प्रत्येकीनं करावं. घराच्या, गोठ्याच्या, देवळाच्या भिंतीवर महापुराचं पाणी जिथवर आलं होतं तिथं ऑइलपेंटनं एक पट्टा ओढा आणि शेजारी साल लिहा. २००५ ची खूण कुणाला आठवत असेल तर तीही ओढा. घर रंगवताना तेवढा पट्टा राहू द्या. रेल्वेच्या पुलावर जो पट्टा हजार माणसांचा जीव राखतो, तो आपल्या भिंतीवर चार माणसांचा राखील. नवी सून घरात आली की तिला तुळस दाखवतो, चूल दाखवतो, तशी ही खूणही दाखवा.

बोलणं इथंच थांबवतो. महापुराची किंवा रेल्वेप्रवासाची तुमच्याकडं आठवण असेल तर चार ओळी लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर नातीला सांगून लिहून घ्या. पुढच्या वेळी त्या वाचून दाखवू. पावसाचे दिवस आहेत, जपून राहा. नमस्कार.